अंगठ्याखाली फिरकी

आत्या मस्कतहून कायमची परत आली तेव्हा तिला उतरवून घ्यायला मी आणि बाबा कोहमाऱ्याच्या चौकात गेलो होतो. गाडीतून आधी दोन मोठ्या बॅगा खाली आल्या, मग दोरीनं बांधलेलं एक खोकं, आणि शेवटी आत्या, हातात पाण्याच्या पायपासारखी एक लांब नळी घेऊन. नळीच्या दोन्ही तोंडांना झाकणं. बाबांनी ती घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "हे राहू दे. बाकी घे." धाब्यावर चहा पीत बसलेली आमच्या गावची दोन-चार माणसं ते पाहत होती. संध्याकाळ व्हायच्या आत गावभर झालं की नर्सबाईनं नळीत भरून सोनं आणलं.

नळीतून निघाली मासे धरायची छडी. आणि बॅगेतून, लोकरी मोज्यात गुंडाळलेली, मुठीत मावेल एवढी एक काळी रील. आत्यानं ती मोज्यातून काढून ओट्यावर ठेवली, दोन्ही बाजूंनी फडक्यानं पुसली आणि पुन्हा मोज्यात घातली.  आईनं चुलीवरच्या लाखोरीच्या डाळीत पळी फिरवली आणि झाकण जरा जोरात ठेवलं. आमच्या घरात आईचा राग असा झाकणांमधून ऐकू यायचा.

आत्या बाबांहून सात वर्षांनी मोठी. नाव सुशीला, पण गावात तिला त्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, सगळ्यांची ती नर्सबाई. नागपूरला नर्सिंग शिकली, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि मग मस्कतच्या एका दवाखान्यात गेली ती एकोणीस वर्षं तिथेच राहिली. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी महिनाभर यायची तेव्हा तिच्या बॅगेला परदेशी साबणाचा वास असायचा, आणि लहानपणी माझ्यासाठी आत्या म्हणजे तो वास होता. आता तीच बाई रोज पहाटे पाचला उठून अंथरुणाच्या घड्या घालत होती, कोपऱ्याला कोपरा जुळवून. प्यायच्या पाण्याचा गुंड झाकलेला आहे की नाही ते बघत होती. आईच्या हातची तांदळाची भाकर आणि लसणाचं तिखट ती मन लावून खायची, "झकास झाली" असंही म्हणायची, पण आईला ती घड्यांची आणि झाकणांची शिस्त टोचायची. "दवाखाना करून टाकला घराचा," आई मला हळूच म्हणायची.

टोचण्याचं खरं कारण दुसरं होतं आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. मी सहा वर्षांची असताना मला एक भाऊ झाला होता. चार दिवस जगला. सुईणीनं जमलं तेवढं केलं, पण जीप मिळून गोंदियाला न्यायला उशीर झाला. आत्याचं पत्र आलं ते महिन्यानं. त्यानंतर आई कधीमधी भांडी घासताना, कोणाकडेही न बघता म्हणायची, "जगाचे लेकरं पाह्यले. घरचं एक नाही पाहू शकली." आत्या परत आल्यावर हे वाक्य बंद झालं. पण ते घरात होतंच.

मी तेव्हा अकरावीत होते आणि अख्ख्या घरात माझ्याइतकं धसमुसळं कोणी नव्हतं. माझ्या हातून रोज काहीतरी सांडायचं, फुटायचं, नाहीतर उसवायचं. दुधाचं पातेलं उतरवताना घाई, दार लावताना घाई, बोलताना अर्धं वाक्य गिळायची घाई. बाबांचं कोहमाऱ्याला पंक्चरचं दुकान होतं. तिथं मी गेले की ते आधी पान्यांचा डबा उचलून माझ्यापासून लांब ठेवायचे. हे सगळं आत्यानं आठ दिवस नुसतं पाहिलं. ते आठ दिवस ती एकटीच सकाळी तलावावर जायची, स्वेटर, डोक्याला रुमाल, पायात कॅनव्हासचे बूट. आमच्याकडे बाया मासे धरत नाहीत असं नाही. धान कापणीआधी बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी उतरतं तेव्हा पोरीसोरी चिखलात हात घालून मासे धरतात, ढिवरांच्या बाया तर टोपल्या घेऊन गावोगाव विकतात. पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभं राहून छडी फिरवणारी पन्नाशीची बाई कोणी पाहिली नव्हती. नवव्या दिवशी तिनं मला हाक मारली. "रंजू, चाल. येताना घमेलं घेऊन ये."

मला वाटलं, माती उचलायची असेल. तिनं मला तलावावर नेलंच नाही. घरामागच्या आमच्याच बांधीत नेलं. धान निघून गेलं होतं, पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांच्या गंजा, शेजारच्या खळ्यावर रचलेले होते, आणि मोकळ्या बांधीत नुसती धसकटं उरली होती. आत्यानं घमेलं उचलून तीसेक पावलांवर नेऊन ठेवलं. परत आली आणि तंगुसाच्या, म्हणजे छडीच्या नायलॉन दोऱ्याच्या, टोकाला बाबांच्या दुकानातला एक लोखंडी नट बांधला. "मासा नाही, गळ नाही, पाणी नाही," ती म्हणाली. "आधी हा नट त्या घमेल्यात टाक. मग पाण्याचं पाहू."

त्या रीलला मधोमध एक आडवी फिरकी होती, पतंगाच्या मांज्याची असते तशी, तिच्यावर तंगूस गुंडाळलेला. फिरकीमागे एक खटका. खटका दाबला की फिरकी मोकळी सुटते आणि तंगूस धावतो. तो धावताना फिरकी थांबवायला दुसरं काही नाही, आपला अंगठा. आत्यानं माझा उजवा अंगठा धरून फिरकीवर ठेवला. "हे सगळ्यात महत्त्वाचं. खटका दाबायच्या आधी अंगठा इथं. छडी मागं नेताना इथं. पुढं आनताना उचल, पन पूरा नाही, केस घसरल एवढाच. नट खाली टेकायच्या आधी परत दाब. समजलं?"

"समजलं," मी म्हटलं आणि फेकलं.

नट चार पावलांवर पडला. फिरकी मात्र फिरतच राहिली, आणि बघता बघता तंगुसाची वेटोळी वर उसळून एक मोठा पिंजलेला गुंता तयार झाला, सुगरणीनं अर्धवट सोडलेल्या घरट्यासारखा. मी घाबरून ओढायला लागले. आत्यानं माझं मनगट धरलं. "ओढायचं नाही. ओढलं का गाठ. कायले घाई करून राहिली? बस खाली." आम्ही दोघी धसकटात बसलो. तिनं गुंत्यावर अंगठा घट्ट दाबला, रीलच्या बाजूची मूठ धरून फिरकी दोन फेरे फिरवली, मग तंगूस हलक्यानं ओढला आणि अडकला तिथं एकेक वेटोळं नखानं उचललं. पंधरा मिनिटं लागली असतील. त्या पंधरा मिनिटांत ती एक शब्द रागाचा बोलली नाही. दूर हायवेवर ट्रकांचे हॉर्न वाजत होते, पलीकडच्या शेतात सारसाची जोडी ओरडत होती, आणि मी पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी गप्प बसले होते.

त्यानंतर तिनं रील कशी लावायची ते दाखवलं. मुठीजवळ एक छोटी गुंडी असते. छडी समोर धरायची, खटका दाबायचा आणि नट आपोआप खाली येऊ द्यायचा. नट जमिनीला टेकला की फिरकीही थांबली पाहिजे. धाडकन आला आणि फिरकी फिरतच राहिली तर गुंडी आवळायची. अडकून बसला तर सैल करायची. नट बदलला, वजन बदललं, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या बाजूला एक चकती होती, शून्य ते दहा आकड्यांची. आत लोहचुंबक आहेत, ते फिरकीला आवरून धरतात, आकडा जितका मोठा तितका आवर जास्त. "तू दहावर सुरू कर," आत्या म्हणाली. "ज्या दिवशी लागोपाठ दहा वेळा गुंता होनार नाही, त्या दिवशी एक आकडा कमी. माह्यावाली लीलाम्मा मले असंच शिकवे." लीलाम्मा म्हणजे तिच्याबरोबरची केरळची नर्स. दोघी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, समुद्रकाठच्या दगडांवर उभ्या राहून मासे धरायच्या. रील तिचीच होती. गावी परत जाताना ती आत्याच्या हातात ठेवून गेली.

हल्ली माझी लेक मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवते. रील कशी लावायची, चकती कितीवर ठेवायची, सगळं पाच मिनिटांत. ते चुकीचं नसतं. पण पाहणाऱ्याचं मनगट कोणी धरत नाही, आणि गुंता झाला की शेजारी धसकटात कोणी बसत नाही. मला दोन्ही मिळालं, हे माझं भाग्य.

महिनाभर रोज सकाळी कॉलेजची एसटी यायच्या आधी आम्ही बांधीत जात होतो. पहिल्या आठवड्यात नट कुठेही जायचा, एकदा तर पुंजण्यात रुतून बसला. घमेल्याला पहिल्यांदा लागला तेव्हा असा ठण्ण आवाज झाला की घरी आईनंही ऐकला. "काय पडलं वो?" ती अंगणातून ओरडली. "घमेल्यात नट पडला!" मी ओरडले. आईला त्याचं काय कौतुक असणार? पण आत्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती पाठ दिवसभर गरम होती. एकदा फिरकीत माती गेली म्हणून बाबांनी रील उघडली, आणि आतली एक स्प्रिंग उडून गेली. रविवारची दुपार, बाबा आणि आत्या दोघं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन अंगणभर रांगत होती. "लहानपनी बी हा असाच होता," आत्या म्हणाली, "घड्याळ उघडे अन् मले बंद करा लावे." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई ओसरीवर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही, पण स्प्रिंग तिलाच सापडली, शेंगांच्या सुपात. तिनं ती बोटाच्या टोकावर घेऊन बाबांच्या पुढे धरली आणि परत शेंगा सोलायला लागली.

चकती पाचवर आली तेव्हा आत्या मला तलावावर घेऊन गेली. थंडीचे दिवस, पाण्यावर धुकं, समोर थोड्या अंतरावर कमळाची पानं. त्या पानांच्या कडेला मरळ मासोळी राहते, असं जगनकाकानं सांगितलं होतं. जगनकाका ढिवर, तलावात जाळी लावणारा, साठीचा माणूस. आत्याच्या रीलला तो गराडी म्हणायचा. पहिल्या दिवशी त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "गराडी चांगली आहे, नर्सबाई. पन मासोरीले काय समजते, गराडी कोनत्या देशाची आहे?" आत्या खूप हसली होती. नटाच्या जागी आता रबराचा बेडूक आला, त्याच्या पोटातून वर वळलेला एक मोठा गळ, आणि गळाच्या टोकाजवळ उलटा काटा. आत्यानं तीनच नियम सांगितले. फेकायच्या आधी मागे पाहायचं. वारा समोरून असेल तर चकतीचा आकडा वाढवायचा. आणि न विचारता चकतीला हात लावायचा नाही.

त्यातला तिसरा आणि पहिला नियम मी एकाच सकाळी मोडला.

कमळाची पानं माझ्या फेकीच्या पलीकडे होती, फार नाही, पाच-सात हात. तिथं एक मरळ रोज उसळी मारायची. मोठी, काळी, पाठ दाखवून खाली जायची. आठवडाभर माझा बेडूक तिच्या अलीकडेच पडत होता. त्या दिवशी आत्या पाळीवर थोडी मागे, ऊन आलं म्हणून स्वेटर काढून ठेवून, थर्मासमधून चहा ओतत होती. मी हळूच चकती पाचवरून दोनवर आणली. आणि तेवढ्यानं भागणार नाही असं वाटून छडी आडवी, जेवढी मागे जाईल तेवढी मागे नेली आणि सगळा जोर लावला. मागे पाहिलं नाही. आत्या चहाचा कप घेऊन माझ्याकडेच येत होती हे मला कळलं ते छडी मध्येच अडकली तेव्हा. मागून कप पडल्याचा आवाज आला. मग तिचा, अगदी साधा: "थांब. हलवू नोको. छडी खाली ठेव."

गळ तिच्या उजव्या दंडाला मागच्या बाजूनं लागला होता, ब्लाउजच्या बाहीच्या जरा खाली. पूर्ण आत, वळणापर्यंत. रबराचा बेडूक तिच्या हाताला लटकत होता. मला आजही तो बेडूक डोळ्यांपुढे येतो, हिरवा, पिवळ्या डोळ्यांचा. मी रडायला लागले. जगनकाका डोंगा काठाला लावून धावत आला, त्यानं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. "नर्सबाई, दवाखान्यात चाला. मले मानसाचं रगत पाहवत नाही." रोज शंभर मासे साफ करणारा माणूस तो.

"दवाखान्यात मंग जाऊ, इंजेक्शन घ्याले," आत्या म्हणाली. ती पाळीवर बसली होती, चेहरा पांढरा पडला होता, आवाज मात्र नेहमीचा. "डॉक्टर आला असन तर कापून काहाडल. नसन आला तर दुपारपर्यंत असंच बसा लागल. मले मागं दिसत नाही, हात पोचत नाही. रंजू, तू काहाडशील."

"मी नाही, आत्या. माझ्याच्यानं नाही होणार."

"तुह्याच्यानं होईल. डोळे पूस आधी. मले तुहे डोळे पाहिजेत."

मी डोळे पुसले. तिनं जगनकाकाकडून जाळं कापायची सुरी मागितली आणि बेडूक कापून वेगळा करायला लावला. मग तंगुसाचा हातभर तुकडा. थर्मासमधल्या उरलेल्या कोमट चहानं नाही, तलावाच्या पाण्यानंही नाही, तिच्या पिशवीतल्या प्यायच्या पाण्यानं मला हात धुवायला लावले. ती सांगत होती आणि मी करत होते. तंगूस दुहेरी करून गळाच्या वळणात घाल. दोन्ही टोकं उजव्या हाताला गुंडाळ. "आता डाव्या अंगठ्यानं गळाची दांडी खाली दाब, माह्या हाताकडं. दाबली का आतला काटा सुटते. दाबल्याबिगर ओढलं तर मांस घेऊन येईल. दाबलं?"

"दाबलं."

"थोडं अजून. हां. आता ओढायचं ते सरळ मागं, अन् एका झटक्यात. हळू ओढशील तर मले जास्त दुखल. मी तीन म्हनीन तेव्हा. पन त्याच्या आधी मले सांग, चकती दोनवर कोनं केली?"

मी दचकले. छडी तिच्या शेजारीच पडली होती. एवढ्या वेदनेत तिनं तो आकडा पाहिला होता. "मी केली," मी म्हणाले. "आणि मागंही नाही पाहिलं."

"बरं," ती म्हणाली. "खरं बोलली. हात थरथरून राहिला होता, आता नाही थरथरत, पाह्य. एक, दोन, तीन."

मी ओढलं. गळ सुटून कुठे उडाला ते आम्हाला कळलं नाही, शोधूनही सापडला नाही. रक्त आलं, पण मला वाटलं होतं तेवढं नाही. आत्यानं डोळे मिटून एक लांब श्वास सोडला, रुमाल जखमेवर दाबायला लावला आणि म्हणाली, "शाबास." जगनकाका अजून पाठ करूनच उभा होता. "निंघाला काय गा? निंघाला काय?" तो विचारत होता.

पुढे मी स्वतः नर्स झाले. तीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काढली, आणि या काळात किती गळ, काटे, काचा, खिळे काढले याचा हिशोब नाही. नव्यानं आलेल्या मुली सुई धरताना थरथरायच्या तेव्हा मी त्यांना सुईबद्दल काही बोलायची नाही. दुसरंच काहीतरी विचारायची, घरचं, गावचं, ज्याचं खरं उत्तर द्यावं लागेल असं. हात आपोआप थांबायचा. ही युक्ती कोणत्या पुस्तकातली, असं एका डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं. मी सांगितलं, आमच्या तलावाच्या पाळीवरची.

आरोग्य केंद्रात इंजेक्शन घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. वाटेत मी आत्याला म्हटलं होतं, आईला नको सांगू. ती म्हणाली, "लपवलं का पिकते." तिनं अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या सांगून टाकलं. आईच्या हातात सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं, आणि इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं.

"मी कवाची पाहून राहिली, बाई! कालेजची पोरगी, तिले अभ्यास सांगाचा सोडून मासोऱ्या माराले शिकवून राहिल्या तुमी. आज तुमच्या हातात घुसला, उद्या तिच्या डोळ्यात घुसन. तवा कोनाले सांगू मी? मस्कतले पत्र धाडू?"

पत्राचा शब्द निघाला आणि आई स्वतःच थांबली.  आत्या ओसरीच्या कडेला खाली बसली.

"तुमचा गळ काहाडला कोनं?" आईनं विचारलं. आवाज उतरला होता.

"तुह्या पोरीनं. एका झटक्यात. माह्या हाताखालच्या नर्सा घाबरत अशा कामाले."

आईनं माझ्याकडे पाहिलं. रोज पातेलं सांडणाऱ्या मुलीकडे. मग ती आत गेली, चुलीवर पाणी ठेवलं, धुतलेलं जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या आणि आत्याच्या मागे येऊन बसली. "दाखवा." आरोग्य केंद्रातली पट्टी रक्तानं भिजली होती. आईनं ती सोडवली, कोमट पाण्यानं हात पुसला, अगदी हलक्या बोटांनी. मला वाटलं, आत्या तिला सांगेल, असं नको, तसं पूस. ती मान खाली घालून बसून राहिली. एकोणीस वर्षं तिनं लोकांच्या जखमा बांधल्या होत्या. तिची जखम घरचं माणूस बांधताना मी पहिल्यांदा पाहत होते, आणि कदाचित तीही ते पहिल्यांदाच अनुभवत होती.

"तवा तुमी असत्या तर," आई म्हणाली. तिनं नवी पट्टी गुंडाळायला घेतली.

आत्या पुढेच बघत बोलली. "मी असते तरी ते लेकरू वाचलं असतं का, मले नाही सांगता येत, लक्ष्मी. चार दिवसाचं होतं. खोटं नाही बोलनार मी. पन मी तुह्याजवळ असते. तुले एकटीले नसतं सोडलं. त्याची खंत मले रोज आहे."

आईनं पट्टीची गाठ मारली. गाठ मारून झाल्यावरही तिचा हात आत्याच्या खांद्यावरच होता. त्या दिवशी जेवायला तांदळाची भाकर, वांग्याची भाजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी होती. आईनं भाकर मोडून आत्याच्या ताटात दिली, कारण तिला उजव्या हातानं मोडता येत नव्हती. बाबा संध्याकाळी दुकानातून आले आणि दोघींना एका चटईवर शेंगा सोलताना पाहून दारातच उभे राहिले.  मग हातपाय धुवायला गेले.

मी मात्र छडीला हात लावायला तयार नव्हते. आठ-दहा दिवस गेले. रील मोज्यात पडून होती. आत्या मला एकदाही चल म्हणाली नाही. एक दिवस पहाटे आईनंच मला उठवलं. तिच्या हातात छडी होती, रील लावलेली, उलटी. "उठ. त्या कवाच्या पाळीवर जाऊन बसल्या."

"मला नाही जायचं, आई. परत कोणाला लागलं तर?"

"लागलं तर काहाडता येते ना तुले?" आई म्हणाली. "जा. चहा घेऊन जाजो दोघींचा."

तलावावर गेले तेव्हा धुकं नुकतंच उठत होतं. विहारातून वंदनेचा आवाज पाण्यावरून येत होता. आत्यानं माझ्या हातातून छडी घेतली, रील सरळ लावली आणि परत दिली. नवा बेडूक, नवा गळ. मी छडी समोर धरली, खटका दाबला, बेडूक खाली सोडला, गुंडी जराशी आवळली, पुन्हा सोडला. फिरकी थांबली. चकती पाचवर ठेवली. वारा नव्हता. मग मी मागे पाहिलं.

आत्या नेमकी त्याच जागी उभी होती, माझ्या उजव्या खांद्याच्या मागे, दोन पावलांवर. स्वेटरच्या बाहीखाली हाताला अजून पट्टी होती.

"आत्या, बाजूला हो ना."

"काऊन?"

"तिथं लागते."

"मागं पाह्यलं ना तू? मी दिसली ना? मंग झालं. मी नाही हलत." तिनं स्वेटरच्या खिशात हात घातले आणि उभी राहिली.

मी छडी आडवी नेली नाही. सरळ डोक्यावरून, आवरलेल्या हातानं वर घेतली, तिच्यापासून कितीतरी दूर, आणि पुढे आणली. अंगठा उचलला, केस घसरेल एवढाच. तंगूस त्याच्याखालून गरम होत धावला, एकही वेटोळं वर आलं नाही. बेडूक धुक्यात शिरला. टेकायच्या आधी मी अंगठा दाबला आणि तो पानांच्या कडेला, आवाज न करता, बसल्यासारखा पडला. जोर पूर्वीपेक्षा कमी होता, आणि फेक पाच-सात हात जास्त लांब गेली होती.

मी पाण्याकडे पाहिलंच नाही. वळून आत्याकडे पाहिलं, ती धड आहे ना म्हणून. ती माझ्याच खांद्यावरून पुढे बघत होती, डोळे बारीक करून, आणि एकदम ओरडली, "मागं काय पाहून राहिली, पोरी? पान हललं! समोर पाह्य, समोर!"